बाहेरचं काही?

त्या बुटांच्या दुकानात नोकरांना नावाने कुणी हाक मारत नसे. ज्याच्या पायाचा जो नंबर, तेच त्याचं नाव. मालक नऊ, गल्ल्यावर बसणारा आठ, आणि गिऱ्हाइकापुढे बुटक्या स्टुलावर बसून माप घेणारा, बूट चढवून देणारा तो साडेसात. केस पिकले तरी तो साडेसातच राहिला. हे नाव दुकानातून घरी कधी आलं ते कळलंही नाही. बायको चिडली की 'अहो साडेसात' म्हणायची, आणि मग समजायचं की आता काही खरं नाही.

अशा माणसाचा उजवा पाय एका सकाळी साडेसात नंबरात जाईना.

अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून टोकापर्यंत सारखंच सुजलं होतं, कातडीखाली गाजर सरकवल्यासारखं. टाच टेकवली की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. चार-सहा दिवसांत गुडघा पाणी भरून गरगरीत झाला. डोळे लाल झाले आणि उजेडाकडे बघवेना. मग तळव्यांवर बारीक फोड उठले, ते सुकून तांबूस चट्टे पडले, आणि चट्ट्यांवर मेणाचे थेंब वाळावेत तसे पिवळट खवले धरले.

"साडेसातला साडेसाती लागली," आठ नंबर म्हणाला. त्यावर मालकसुद्धा हसला. मालक हसला, ही त्या आठवड्यातली दुकानातली मोठी बातमी होती.

साडेसातने औषधपाण्यात कसूर केली नाही. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि गुडघे झिजतातच, असं समजुतीच्या सुरात सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि धुळीपासून जपायला सांगितलं. कातडीच्या डॉक्टरांनी तळवे पाहून चामड्याची ॲलर्जी ठरवली आणि नोकरी बदला म्हणाले. हाडवाल्यांनी डोळे पाहिले नाहीत, डोळेवाल्यांनी पाय पाहिले नाहीत, आणि कातडीवाल्यांनी मोजे काढायला लावल्यावर वर तोंडाकडे पाहायचे कष्टच घेतले नाहीत. 'पोट साफ होतं ना?' एवढं मात्र तिघांनी विचारलं. तिघांना त्याने सांगितलं, "एकदम साफ." त्यालाही ही तीन निरनिराळी दुखणीच वाटत होती, ती नेमकी एकाच गाडीने त्याच्याकडे उतरली, हा आपला योगायोग.

घरात चौथं निदान झालं होतं, तेही फी न घेता. त्याची आत्या त्यांच्याकडेच राहायची. तिने पहिल्याच दिवशी सुजलेलं बोट निरखून मान हलवली. "हे औषधाचं काम नाही. हे बाहेरचं आहे."

"बाहेरचं म्हणजे?"

"बाहेरचं म्हणजे बाहेरचं. त्याचं नाव घेतात का कुणी?"

आत्याच्या 'बाहेरच्या'त भूतखेत, नजर, उंबरठ्यापलीकडचं सगळंच यायचं. साडेसातने ते कानाआड केलं. त्याची खरी चिंता निराळी होती, आणि ती घराच्या पुढच्या खोलीत उकळत होती.

त्याच्या बायकोला सगळी गल्ली सुगरण म्हणायची. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचं स्वयंपाकघर होतं. तिथून रोज कचेऱ्यांमध्ये जेवणाचे डबे जायचे. दारावरच्या पाटीवर दोनच शब्द होते: 'घरचं जेवण'. आता नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम जवळजवळ हातात आलं होतं. आधीच्या कंत्राटदाराच्या जेवणाने मुलींची पोटं बिघडली, म्हणून रेक्टरबाईंनी त्याला काढलं होतं. सुगरणीच्या हातची चव त्यांनी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा पुन्हा वाढून घेतलं. आता एकदा येऊन त्या स्वयंपाकघर पाहणार होत्या, आणि मग पक्कं. सुगरणीने आयुष्यभर चूल फुंकली ती या दिवसासाठी, असं तिचं तिलाच वाटत होतं. साडेसातलाही तसंच वाटत होतं, कारण तिला जे वाटे ते त्याला थोड्या वेळाने वाटायचं.

या घराचा एक अलिखित कायदा होता. घरातल्या माणसाने बाहेर खायचं नाही. सुगरणीचा नवरा कोपऱ्यावरच्या खानावळीत दिसला, तर पाटीवरच्या दोन शब्दांना काय किंमत उरली? साडेसातला हा कायदा कधी जड गेला नाही. त्याचं कामच वेगळं होतं. सुगरणीला अन्न टाकवत नसे. डबे भरून जे उरेल ते त्याच्या पानात यायचं. घरात कचऱ्याचा डबा होता, पण तो कायम उपाशी.

शेवटी गुडघा वाकेनासा झाला. गिऱ्हाइकासमोर स्टुलावर बसता येईना. तेव्हा मालकाने ओळख काढून त्याला मोठ्या इस्पितळातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सुगरण सोबत गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला अख्खा पाहिला. मोजे काढायला लावले, टाच मागून दाबली, बोट वाकवून पाहिलं, नखं पाहिली, मग बॅटरी घेऊन डोळे. तळव्यांवरचे खवले बघताना त्या जरा खूश झाल्यासारख्या वाटल्या. आपल्या पायांकडे इतक्या आपुलकीने आजवर कुणी पाहिलं नव्हतं, हे साडेसातच्या ध्यानात आलं.

"अलीकडे बाहेरचं काही?" त्यांनी सहज विचारलं.

साडेसातची मान ताठ झाली. "बाहेरचं आमच्यात नाही, डॉक्टर. हिच्यासमोर सांगतो. लग्न झाल्यापासून बाहेर कुठे तोंड घातलेलं नाही."

"गरजच पडत नाही त्यांना," सुगरणीने पुस्ती जोडली. "घरात हवं तेव्हा, हवं तेवढं, गरम गरम. उलट यांनाच संपत नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

सुगरण गेली. दार लागल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी खाण्याचं विचारत नव्हते. बायकोखेरीज आणखी कुणाशी संबंध, असं विचारत होते. रागावू नका. या दुखण्यात विचारावं लागतं."

साडेसातचा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या रंगाला जाऊन मिळाला. "तसलं? अहो, माझं सगळं आयुष्य बायकांच्या पायाशी गेलं, पण कधी वावगी नजर नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"म्हणजे बुटांच्या दुकानात," त्याने घाईने सांगितलं. "माप घेतो मी."

"असं. लघवीला जळजळ होते का?"

"मध्यंतरी झाली थोडी. उन्हाने असेल."

"तपासून घेऊ, शंका नको. आणि पोट?"

"साफ."

"साफ म्हणजे?"

हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. साडेसातने आठवून सांगितलं, "रोजचं आपलं साफ. पाय सुजायच्या आधी तर फारच साफ झालं होतं. तीन दिवस नुसता जात होतो. तापही होता. आत्या म्हणाली, बरंच झालं, आतली घाण गेली. नंतर खरंच हलकं वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना खिडकीकडे पाहावं लागलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुखणी तीन नव्हती, एकच होतं. पोटात जंतू शिरले, जुलाब झाले. शरीराने जंतूंना पळवून लावलं. पण काही माणसांत असं होतं, की शत्रू गेला तरी फौज घरी जात नाही. तीच फौज आता सांध्यांवर, डोळ्यांवर, कातडीवर तुटून पडली होती. "तुमच्या गुडघ्यातलं पाणी मी सुईने काढणार आहे. त्यात बहुधा एकही जंतू सापडणार नाही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"अगदी तसंच." डॉक्टरीणबाईंना ते फार आवडलं. "पण संन्यासी वाचतो. बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं. सुजेच्या गोळ्या देते, तळव्यांना मलम देते. डोळे मात्र पुन्हा नीट दाखवा, मी चिठ्ठी लिहून देते. आता एक सांगा. ते जुलाब व्हायच्या आधी काय खाल्लं होतं? बाहेरचं काही? या वेळी खाण्याचंच विचारतेय."

"नाही म्हटलं ना."

"मग घरचं."

त्या एवढंच म्हणाल्या आणि गोळ्या लिहू लागल्या. साडेसातच्या डोळ्यांपुढे मात्र पाटी उभी राहिली. पाटीवरच्या दोन शब्दांतला पहिला शब्द नेमका हाच होता.

"डॉक्टर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा शब्द तिच्यासमोर काढू नका."

"मी कुणासमोर काहीच काढत नाही. पण तुम्ही काढा. स्वयंपाकघरात काही चुकत असेल, तर उद्या दुसरं कुणी आजारी पडेल. आणि दुसऱ्याचं पोटावरच भागेल असं नाही."

बाहेर बाकावर सुगरण पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "मला बाहेर का घातलं?"

इकडे आड आणि तिकडे विहीर. डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं ते सांगावं, तर ही विचारणार, असं विचारण्यासारखं त्यांना तुमच्यात दिसलं काय? आणि 'घरचं' म्हणावं, तर रेक्टरबाईंचं येणं तोंडावर आलेलं. लंगडत लंगडत साडेसातने तिसरी वाट शोधली. सगळ्यात लहान गुन्हा निवडून तो कबूल करून टाकायचा.

"खाण्यातून झालंय," तो म्हणाला. "बाहेरचं खाल्लं मी. एकदाच. तुझ्यासमोर सांगवेना."

सुगरण थांबली. "कुठे?"

"कोपऱ्यावर."

"त्याच्याकडे?" कोपऱ्यावरचा खानावळवाला आणि ती यांच्यात गेली कित्येक वर्षं एक शब्द नव्हता. "काय खाल्लंत?"

"रस्सा," साडेसात म्हणाला. आपण काय खाल्लं ते आधी ठरवून ठेवायला हवं होतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"चांगला होता?"

या प्रश्नाला जगात बरोबर उत्तर नाही. 'नाही' म्हणावं, तर मग संपवला कशाला? 'हो' म्हणावं, तर घरी जाऊच नये. तो म्हणाला, "मीठ जास्त होतं." घरी पोचेपर्यंत सुगरण त्याच्या दोन पावलं पुढे चालली, आणि त्याच्या टाचेला ते अंतर कापता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबे रवाना झाल्यावर ती हात पुसून तडक कोपऱ्यावर गेली. साडेसात खिडकीत खुर्ची टाकून, पाय उशीवर ठेवून बसला होता. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण तोवर ती पोचली होती. गल्ली अरुंद होती, सगळं ऐकू येत होतं.

"आमच्या माणसाला काय खायला घातलंत?"

खानावळवाला झारा हातात घेऊनच बाहेर आला. "तुमच्या माणसाला? वहिनी, तुमचा माणूस माझ्या दारावरून जाताना श्वास रोखून जातो. वास घेतला तर तुम्हाला कळेल म्हणून. त्याने माझ्याकडे कधी पाणी जरी प्यायलं असेल, तर हा झारा चावून खाईन."

दोन-चार माणसं हसली. आणखी दोन-चार ऐकायला थांबली.

"खोटं बोलू नका. पाय सुजलाय त्यांचा, डोळे आलेत, कातडी सोलतेय. डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेरच्याने झालं."

खानावळवाल्याने आवाज खाली आणला. म्हणजे शेवटच्या घराला तो जेमतेम ऐकू जाईल इतका. "वहिनी, माझ्या पोरांची शपथ, माझ्याकडचं नाही. आणि बाहेरचं म्हणजे काय, दर वेळी खाणंच असतं का?"

लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसली. मग लाँड्रीवालाच हळहळून म्हणाला, "पाय घसरला बिचाऱ्याचा. वाटत नव्हता तसा."

साडेसातने खिडकी लावून घेतली. पाय घसरायला तो आधी टेकायला हवा, हे या लोकांना कोण सांगणार?

सुगरण आत आली. तिने चप्पल काढली, ती नीट ओळीत लावली, आणि समोर बसली. "अहो साडेसात."

"ऐक माझं."

"नाव सांगा."

"कुणाचं?"

"जिचं असेल तिचं."

"अगं, कुणी नाही."

"खानावळ?"

"तीही नाही."

"म्हणजे बाईही नाही आणि जेवणही नाही. मग तुम्ही माझ्याशी खोटं बोललात ते कशासाठी? लोक बाई लपवायला जेवणाचं नाव सांगतात. तुम्ही काय लपवायला सांगितलंत?"

"तुझं अंड्याचं क्रीम," साडेसात म्हणाला.

मग त्याने सांगितलं. रेक्टरबाईंना दुसऱ्यांदा चव दाखवायची होती, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. फ्रिज कोंबडीने ठासून भरला होता. क्रीमचं पातेलं मावेना, म्हणून ते रात्रभर ओट्यावर राहिलं. सकाळी ती म्हणाली, हे आता न्यायला नको, नवीन करते; पण एवढी अंडी, टाकवत नाही.

"आणि तुम्ही संपवलंत."

"संपवायचंच असतं ना ते."

"सगळं पातेलं?"

"चांगलं झालं होतं."

ती रागावेल याची तयारी त्याने केली होती. ती घाबरेल याची नव्हती. "त्यात अंडी कच्चीच फेटतात," ती म्हणाली. "माझ्या आईपासून कच्चीच. आणखी कुणी खाल्लं?"

"आत्या अंड्याला शिवत नाही. तू गोड चाखत नाहीस. डब्यात ते गेलंच नाही. सगळं मलाच."

"देवाची कृपा," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून ओशाळली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं."

"कोपऱ्यावर जायच्या आधी का नाही सांगितलंत?"

"तुझी पाटी," तो म्हणाला. पुढचं त्याला सांगायची गरज पडली नाही.

त्या दुपारी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने पुरतं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर बदललं. कच्ची कोंबडी फ्रिजच्या तळाला गेली, शिजवलेलं वर आलं. कच्च्यासाठी सुरी वेगळी, पाट वेगळा. क्रीमची अंडी आता उकळत्या पाण्यावर पातेलं धरून, चमच्याला थर धरेपर्यंत शिजू लागली. त्याने क्रीम जरा जड होतं, असं तिचं मत पडलं. चव बिघडली असं मात्र तिने म्हटलं नाही. उरलेलं क्रीम, संध्याकाळ झाली की, ती डोळे मिटून कचऱ्याच्या डब्यात ओतायची. पहिल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

लघवीची तपासणीही आली. काही निघालं नाही. साडेसातचं चारित्र्य इस्पितळाच्या शिक्क्यानिशी स्वच्छ ठरलं. पण लघवीचा कागद घेऊन माणूस गल्लीत दारोदार कसा फिरणार?

"निदान खरं सांगून टाकू," तो म्हणाला. "आता तर सगळं सुधारलंस."

"रेक्टरबाई येऊन जाऊ देत."

गल्ली तेवढी थांबणार नव्हती. तो काठी टेकत दुकानात जाऊ लागला, तर लोक त्याच्या चालीकडे पाहून एकमेकांना कोपरं मारत. वाकडं पाऊल पडलं की असंच व्हायचं, असं कुणीतरी मागे म्हणालं. त्याचं पाऊल वाकडंच पडत होतं, त्यामुळे त्याला वादही घालता येईना. दुकानात निराळाच चमत्कार झाला. आजवर बायका त्याच्या हातात पाय देऊन आपापसात गप्पा मारायच्या, जणू खाली स्टुलावर माणूस नाही, बूट चढवायचा पत्राच आहे. आता त्या पाय जरा मागे घेत, आणि मग जरा पुढे करत. त्याच्या डोळ्यांची लाली उतरत आली होती, तरी दोघींना ते डोळे 'कसेसेच' वाटले. त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. मालकाने स्वतःची गादीची खुर्ची त्याला बसायला दिली.

"पण कोण?" आठ नंबर रोज विचारायचा.

"कुणी नाही रे."

"तेच तर. कधी नाव घेत नाही. आहे दर्दी माणूस."

माणसाला आयुष्यभर सज्जन राहून जे मिळालं नव्हतं, ते एका सुजलेल्या बोटाने मिळवून दिलं होतं. साडेसातला त्याची लाज वाटायची. आणि ती संपूर्ण वाटत नाही, याची थोडी निराळी लाज वाटायची.

रेक्टरबाई आल्या त्या दिवशी सुगरणीने ओटा दोनदा घासला. साडेसातला आतल्या खोलीत, दाराच्या फटीमागे बसवलं होतं. आत्या त्याच्यावर पहारा करत होती. रेक्टरबाईंनी फ्रिज उघडून पाहिला, सुऱ्या पाहिल्या, कचऱ्याचं झाकण पायाने उचलून पाहिलं. त्या बाईला काय विचारायचं ते ठाऊक होतं. त्यांनी क्रीम चाखलं आणि अंडी शिजवता का, हे आधी विचारलं.

"शिजवते," सुगरण म्हणाली. खोटं नव्हतं.

"उत्तम." रेक्टरबाई स्टुलावर बसल्या. "आता एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे यजमान आजारी आहेत म्हणे. सांधे धरलेत, कातडी गेली आहे. आमच्याकडे काही मुली म्हणाल्या, असं पोटाच्या जंतूंनीही होतं. खाण्यातून. मागच्या वेळी मी फार भोगलंय. म्हणून विचारते, काय झालंय त्यांना?"

फटीमागे साडेसात काठीवर पुढे झुकला. आता ती काय म्हणेल? 'माझ्या क्रीमने झालं' म्हणाली, तर पाटी उतरवावी लागणार. तिने तसं म्हणावं असं त्याला वाटलं, कारण ते खरं होतं. तिने तसं म्हणू नये असंही त्याला वाटलं, कारण तिने आज ओटा दोनदा घासला होता.

सुगरणीने खाली पाहिलं. तिने एक सुस्कारा सोडला. "काय सांगू बाई," ती म्हणाली. "बाहेरचं आहे."

मग रेक्टरबाईंचा आवाज मऊ झाला. "अगं बाई. गल्लीतून येताना कानावर आलं होतं, पण म्हटलं, लोक काय, बोलतात." त्यांनी सुगरणीच्या हातावर हात ठेवला. "आणि तुम्ही इतकं स्वच्छ ठेवता सगळं."

"आपल्या हातात असतं तेवढं ठेवायचं."

"तुम्हीच या कामाला योग्य. पहिल्या तारखेपासून सुरू करा. फक्त एकच बघा, मुलींचं वसतिगृह आहे. डबे घेऊन यजमानांनी फाटकाच्या आत यायचं नाही."

"फाटकापर्यंतसुद्धा नाही," सुगरण तत्काळ म्हणाली.

आत आत्याने त्याच्या खांद्यावर समाधानाने थोपटलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. बाहेरचंच."

रेक्टरबाई गेल्यावर सुगरण आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. रडल्याने की कशाने, ते त्याला ओळखता आलं नाही.

"तू खोटं बोललीस," तो म्हणाला.

"कुठलं खोटं? रात्रभर बाहेरच होतं पातेलं. फ्रिजच्या."

त्या वाक्यात कुठे बोट ठेवायचं ते त्याला दिसेना.

"अगं, पण लोक मला काय समजतात?"

"मी काय समजते ते महत्त्वाचं की लोक?"

"तू काय समजतेस?"

"मी समजते, सबंध पातेलं एकट्याने संपवणारा माणूस दुसरीकडे जाऊन जाणार कुठे," सुगरण म्हणाली, आणि खाली बसून तिने त्याच्या तळव्याला मलम लावायला घेतलं. खवले आता मऊ पडून सुटत होते. खालची कातडी नवी, गुलाबी होती. आजवर तो लोकांचे पाय हातात घेत आला होता. आपला पाय कुणी हातात घेतला की नजर कुठे ठेवायची असते, हे त्याला माहीत नव्हतं. तो छताकडे पाहत राहिला.

"बरं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "पण मी असा वाईट चालीचा किती दिवस राहायचं?"

सुगरणीने टाचेच्या खाचेत मलम नीट जिरवलं. "कंत्राट एका वर्षाचं आहे," ती म्हणाली. "चांगलं चाललं तर वाढवून देतील."